रोजकीर्द, मृगसाल आणि पेशव्यांचे देणे

१/ नोव्हेंबर १७७२. थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात थोरले माधवराव पेशवे क्षयाने अंथरुणाला खिळले होते. वय अवघे २७. अखेरच्या दिवसांत त्यांनी जी नऊ कलमांची यादी करून घेतली, तीत दौलतीच्या बंदोबस्ताबरोबर एक चिंता ठळक होती: कर्ज फिटले पाहिजे. मरणासन्न राज्यकर्त्याला देण्याने एवढे का छळावे? हा धागा त्याविषयी.

२/ हिशेब ठेवता येत नव्हता म्हणून कर्ज झाले, असे मात्र नव्हे. पेशवे दप्तरातील मोडी कागद पाहिले की उलटच दिसते. दिवसाची प्रत्येक जमा आणि प्रत्येक खर्च रोजकीर्दीत चढे. तेथून रकमा खातेवार खतावणीत जात. वर्षाअखेरीस ताळेबंद होई. मुदपाकखान्याचे धान्य-तूप असो, दानधर्म असो वा शागिर्दपेशाचा पगार, प्रत्येकाला आपले खाते होते.

३/ मग अडले कोठे? वेळेत. महसुली वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या प्रारंभी सुरू होई. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. वसूल मात्र पीक हाती आल्यावर, हप्त्याहप्त्याने येई. पोट आणि फौज पिकाची वाट पाहत नाहीत. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, तर शिलेदाराला पैसा आधीच द्यावा लागे.

४/ ही दरी सावकार भरून काढी. सरकार त्याला पुढच्या वसुलावर वरात देई, म्हणजे अमुक महालातून अमुक रक्कम घ्यावी असा हुकूम. महाल उजाड झाला, पाऊस हुकला, की वरात कागदावरच राही आणि व्याज चालू राही.

५/ पहिल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत हा जाच उघडपणे मांडला आहे. उत्तरेत विजय मिळवणारा हा सेनानी सावकारांपुढे हतबल झालेला दिसतो. स्वामी स्वतःही त्यांचे धनको होते, हे येथे विसरू नये. पुढे नानासाहेबांच्या कारकिर्दीत, १७४० ते १७६० दरम्यान, सुमारे दीड कोटींची कर्जे काढली गेली, असे न्यायमूर्ती रानडे यांनी दप्तराच्या आधारे नोंदवले आहे. व्याज शेकडा १२ ते १८.

६/ त्यावर १७६१चे पानिपत. माधवरावांच्या वाट्याला गादीबरोबर हे ओझेही आले.

७/ सावकारी जगात पत म्हणजे वेळ पाळणे. दर्शनी हुंडी दाखवताच आणि मुदती हुंडी मुदत भरताच सकारली पाहिजे. ती एकदा परत गेली, की बाजारात बोलबाला होई आणि पुढचे कर्ज महाग पडे. उशिराचा दंड केवळ व्याजाचा नसे. तो विश्वासाचा असे.

८/ आपल्या घरातील वीज, भाडे, गॅस यांच्या तारखा आणि पगाराची तारीख यांत हीच दरी असते. भाड्याच्या खोलीत राहू लागल्यावर मीही प्रथम खर्चाची यादी काटेकोर लिहीत असे, आणि तरीही वीजबिलाला विलंब आकार भरत असे. माझ्या वहीत रकमा होत्या, मुदती नव्हत्या.

९/ रोजकीर्द काय गेले ते सांगते. काय, केव्हा जायचे आहे, हे आधी मांडावे लागते. आणि पैसा येताच त्यातून देण्याचा वाटा बाजूला काढावा लागतो. थेऊरच्या त्या यादीत देणे फेडण्याला कलम मिळाले, कारण माधवरावांना ठाऊक होते: न फिटलेले देणे पुढच्या पिढीच्या खतावणीत उतरते.

धागा समाप्त.