शायनी पोकेमॉनचा स्वयंचलित शोध

पोकेमॉन मालिकेतील व्हिडिओ गेममध्ये क्वचितच भेटणारे, नेहमीपेक्षा निराळ्या रंगाचे पोकेमॉन मिळवण्यासाठी एकच कृती आज्ञावलीकरवी शेकडो-हजारो वेळा करून घेण्याची पद्धत. निराळ्या रंगाच्या या पोकेमॉनना खेळाडू ‘शायनी’ म्हणतात. आज्ञावली खेळाडूच्या वतीने कंट्रोलरची बटणे दाबते. समोर आलेला पोकेमॉन साध्या रंगाचा असेल तर ती भेट सोडून देऊन पहिल्यापासून सुरुवात करते आणि शायनी दिसताच थांबते. ही पद्धत मुख्यतः निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर रुजली असली, तरी जुन्या गेम बॉय अॅडव्हान्स, डीएस आणि ३डीएस यांवरील गेमसाठीही ती वापरली जाते.

शायनीची दुर्मीळता : ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ हे गेम २१ नोव्हेंबर १९९९ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाले आणि शायनी पोकेमॉन प्रथम त्यांत दिसले. ‘लेक ऑफ रेज’ या तळ्यात भेटणारा लाल ग्याराडोस हा शायनी पोकेमॉन कथेचाच भाग असल्याने प्रत्येक खेळाडूला भेटतो. एरवी शायनी भेटणे हा निव्वळ योगायोग असतो. या गेममध्ये शायनीपण पोकेमॉनच्या अंगभूत गुणांकांवरून ठरत असे. बचाव, वेग आणि विशेष शक्ती हे तिन्ही गुणांक १० आणि हल्ल्याचा गुणांक सोळांपैकी ठरावीक आठ आकड्यांतला असला, तरच पोकेमॉन शायनी होई. याची संभाव्यता ८,१९२ मध्ये एक इतकी येते.

मालिकेतील गेमच्या तिसऱ्या पिढीपासून हिशेब बदलला. प्रत्येक पोकेमॉनला ३२ बिटांचा एक यादृच्छिक क्रमांक मिळू लागला. त्याचे दोन भाग आणि खेळाडूचे दोन ओळखक्रमांक यांवर गणिती क्रिया करून ० ते ६५,५३५ मधील एक संख्या काढली जाते. ती आठपेक्षा लहान आली तर पोकेमॉन शायनी ठरतो. म्हणजे पद्धत नवी असली तरी प्रमाण ८,१९२ मध्ये एक हेच राहिले. २०१३ मधील ‘पोकेमॉन एक्स’ आणि ‘वाय’ यांत ही मर्यादा आठवरून सोळावर नेण्यात आली आणि प्रमाण ४,०९६ मध्ये एक झाले.

काही मार्गांनी हे प्रमाण वाढवता येते. वेगवेगळ्या भाषांतील गेममधून आलेल्या दोन पोकेमॉनची अंडी उबवण्याच्या मार्गाला तेव्हा गेम फ्रीक कंपनीत असलेल्या जुनिची मासुदा यांच्या नावावरून ‘मासुदा पद्धत’ म्हणतात. हा मार्ग २००६ मधील ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ या गेमपासून उपलब्ध आहे. ‘शायनी चार्म’ ही वस्तू २०१२ मध्ये ‘ब्लॅक २’ आणि ‘व्हाइट २’ या गेममध्ये आली. ‘एक्स’ आणि ‘वाय’च्या, म्हणजे सहाव्या पिढीपासून हे दोन्ही एकत्र वापरल्यास प्रमाण ५१२ मध्ये एक इतके सुधारते.

हाताने शोध : स्वयंचलनाच्या आधीपासून खेळाडू हा शोध हाताने घेत आले आहेत. एका जागी उभ्या असलेल्या दुर्मीळ पोकेमॉनसमोर गेम साठवायचा, त्याच्याशी बोलून लढाई सुरू करायची, रंग पाहायचा आणि नेहमीचाच असेल तर गेम पुन्हा सुरू करायचा, अशी ही फेरी असते. गेम बॉय अॅडव्हान्सवर ए, बी, स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणे एकदम दाबली की गेम आरंभाला जातो. याला ‘सॉफ्ट रीसेट’ म्हणतात. स्विचवरील ‘ब्रिलियंट डायमंड’सारख्या गेममध्ये त्यासाठी होम स्क्रीनवर जाऊन गेम बंद करावा लागतो, त्यामुळे फेरी लांबते. एका फेरीला दीड मिनिट धरले तर ४,०९६ फेऱ्यांना सुमारे १०२ तास लागतात. रोज दोन तास बसणाऱ्याचे त्यात पन्नासहून अधिक दिवस जातात. या सगळ्या वेळात निर्णय एकच घ्यायचा असतो, रंग वेगळा आहे की नाही. बाकी सारी कृती ठरलेली असल्याने ती यंत्राकडे सोपवणे शक्य होते.

उपकरणे : स्विचवर स्वयंचलनाचा पाया आर्डुइनो किंवा टीन्सी यांसारख्या छोट्या, स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्डांनी घातला. असा बोर्ड यूएसबी केबलने कन्सोलच्या डॉकला जोडला की तो वायरचा कंट्रोलर असल्याची ओळख देतो. सुरुवातीच्या आज्ञावल्यांनी होरी कंपनीच्या ‘पोक्केन टूर्नामेंट’ कंट्रोलरची नक्कल केली होती. कन्सोलच्या लेखी ही बटणे माणसाने दाबलेली असतात. कन्सोल उघडावा लागत नाही आणि त्यातील प्रणालीलाही हात लावावा लागत नाही. पुढे रास्पबेरी पाय पिको आणि ईएसपी३२ हे बोर्डही याच कामासाठी वापरले जाऊ लागले. डीएस आणि ३डीएस हे हातात धरायचे कन्सोल असल्याने त्यांना बाहेरून कंट्रोलर जोडण्याची सोय नाही. तेथे बटणांच्या जोडण्यांना तारा डकवतात किंवा छोट्या सर्व्हो मोटारीने बटणे दाबतात.

न पाहणारी आज्ञावली : पहिल्या टप्प्यातील आज्ञावल्या पडद्याकडे न पाहता चालत. कोणते बटण किती क्षण दाबायचे आणि मग किती थांबायचे, याची लांबलचक यादी एवढेच त्यांचे स्वरूप असे. अंडी उबवण्यासाठी एवढे पुरते. आज्ञावली अंडी गोळा करते, खेळाडूला सायकलवर गोल-गोल फिरवते, अंडी फुटली की पिल्ले साठवणीच्या बॉक्समध्ये ठेवते आणि नवी अंडी उचलते. एका बॉक्समध्ये ३० पोकेमॉन मावतात. सकाळी उठल्यावर माणूस एकेक बॉक्स उघडून शायनी निवडतो. या पद्धतीचा धोका म्हणजे एखादे बटण वेळेवर नोंदले गेले नाही, तर पुढच्या सगळ्या कृती चुकीच्या जागी घडतात. लढाईतून पळ काढण्याच्या शोधात तर ती कुचकामी ठरते, कारण समोर शायनी आला तरी आज्ञावली त्याला सोडून निघून जाते.

पाहणारी आणि ऐकणारी आज्ञावली : दुसऱ्या टप्प्यात कन्सोलचे चित्र एचडीएमआय केबलमधून व्हिडिओ कॅप्चर कार्डाकडे आणि तेथून संगणकाकडे जाऊ लागले. संगणक प्रत्येक चौकट तपासतो आणि पुढचे बटण ठरवून बोर्डाला कळवतो. शायनी ओळखण्याच्या अनेक रीती आहेत. शायनी रणांगणात येताना त्याच्याभोवती चांदण्या चमकतात, त्या चित्रातून हेरणे ही एक रीत. या चमकीमुळे लढाईचा मेनू उघडायला थोडा अधिक वेळ लागतो, तो मोजणे ही दुसरी. ३डीएससारख्या कन्सोलवर हीच मोजणी खालच्या पडद्यावर बसवलेल्या प्रकाशसंवेदकानेही करता येते. मात्र पाऊस, वाळूचे वादळ किंवा प्रतिस्पर्ध्याला दबकावणारी एखादी क्षमता यांमुळेही मेनू उशिरा उघडतो. हा फरक आज्ञावलीला शिकवला नाही, तर साध्या पोकेमॉनपुढे ती शायनी समजून थांबते.

जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ‘लेजेंड्स : आर्सियस’ या गेममध्ये शायनी जवळपास असल्यास विशिष्ट किणकिण ऐकू येते. त्यामुळे या गेमसाठी आज्ञावल्या ध्वनीच्या वारंवारतांचे विश्लेषण करू लागल्या. नोव्हेंबर २०२२ मधील ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ यांत मात्र मोकळ्या मैदानातील शायनीला आवाजही नाही आणि चमकही नाही. तेथे गेममधील एक वर्तन कामी येते : आपोआप लढण्यासाठी पुढे पाठवलेला सोबती शायनीवर हल्ला करायला नकार देतो.

शायनी सापडल्यावर आज्ञावली होम बटण दाबून गेम जागच्या जागी थोपवते, त्या क्षणाचे चित्र साठवते आणि मालकाच्या फोनवर संदेश पाठवते. पुढचे पकडण्याचे काम बहुतेक खेळाडू स्वतः करतात.

इम्युलेटरवरील शोध : जुने गेम संगणकावर इम्युलेटरमध्ये, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीत चालवले, तर आज्ञावलीला पडदा पाहण्याचीही गरज उरत नाही. ती थेट स्मृतीतील क्रमांक वाचते आणि शायनी आहे की नाही हे आकड्यांवरून ठरवते. गेमचा वेगही कित्येक पटींनी वाढवता येतो. येथे एक वेगळीच अडचण उभी राहते. ‘पोकेमॉन एमराल्ड’मध्ये यादृच्छिक संख्यांची मालिका गेम सुरू होताना दर वेळी शून्यापासूनच सुरू होते. इम्युलेटर क्षणाचाही फरक करत नाही. त्यामुळे आज्ञावलीने प्रत्येक फेरीत अगदी त्याच क्षणी बटण दाबले, तर दर वेळी तोच पोकेमॉन समोर येतो आणि हजारो फेऱ्या वाया जातात. उपाय म्हणून प्रत्येक फेरीत बटण दाबण्याआधी कमी-अधिक विलंब मुद्दाम घातला जातो.

याच गुणधर्माचा उलटा उपयोग करून शायनी कोणत्या क्षणी येणार हे आधी गणित करून काढता येते. त्या पद्धतीला ‘आरएनजी मॅनिप्युलेशन’ म्हणतात. तिच्यात शोध घ्यायचा नसून नेमका क्षण साधायचा असतो. ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’ या २०१९ मधील गेममध्ये हे गणित आणि स्वयंचलन या दोन्हींचा मेळ बसला. तेथे रेड डेन या ठिकाणी येणाऱ्या पोकेमॉनचा पुढचा क्रम गणिताने काढला जाई आणि कन्सोलची तारीख एकेक दिवस पुढे ढकलत त्या क्रमापर्यंत पोहोचण्याचे कंटाळवाणे काम बोर्डाकडून करवून घेतले जाई.

संभाव्यता : स्वयंचलनाने शायनीचे प्रमाण बदलत नाही, बदलतो तो फेऱ्यांचा वेग. ४,०९६ मध्ये एक या प्रमाणात ४,०९६ फेऱ्यांनंतर शायनी मिळालेला असण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. पन्नास टक्क्यांसाठी सुमारे २,८४० फेऱ्या पुरतात, पण ९० टक्क्यांसाठी सुमारे ९,४३० आणि ९९ टक्क्यांसाठी सुमारे १८,८६० फेऱ्या लागतात. फाशाला मागचे दान आठवत नाही, तसे गेमलाही हुकलेल्या फेऱ्या आठवत नाहीत. म्हणून दहा हजार फेऱ्या रिकाम्या गेल्यावरही पुढच्या फेरीत शायनी मिळण्याची शक्यता पहिल्या फेरीइतकीच राहते.

मर्यादा : काही पोकेमॉन गेमकर्त्यांनीच शायनी होऊ न देण्याची तजवीज केलेली असते. याला ‘शायनी लॉक’ म्हणतात. ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ मधील रेशिराम व झेक्रोम, ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’ मधील झेशियन व झमाझेंटा ही त्याची उदाहरणे. त्यांच्यासमोर आज्ञावली वर्षभर चालवली तरी काही हाती लागत नाही. आपोआप साठवण्याची सोय बंद करायची राहिली तर गेम पुन्हा सुरू करण्याला अर्थ उरत नाही, कारण साध्या पोकेमॉनची भेटच कायम नोंदली जाते.

नियम आणि प्रामाणिकता : बोर्ड वापरून घेतलेला शोध आणि पोकेमॉनची माहिती बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठवलेला गेम संपादित करून हवा तसा पोकेमॉन तयार करणारी साधनेही उपलब्ध आहेत. स्विचची मूळ प्रणाली बदलून स्मृती वाचणाऱ्या आज्ञावल्याही आहेत. मूळ प्रणाली बदललेल्या कन्सोलवर निन्टेन्डो ऑनलाइन सेवेची बंदी घालते. अधिकृत स्पर्धांत बाहेरून बदललेले पोकेमॉन निषिद्ध आहेत. २०२३ मध्ये योकोहामा येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत अशा पोकेमॉनमुळे खेळाडू बाद झाले. बोर्डाने मिळवलेला शायनी मात्र गेमनेच, गेमच्याच प्रमाणात दिलेला असतो आणि माहितीच्या दृष्टीने तो हाताने मिळवलेल्या शायनीपेक्षा जराही वेगळा नसतो. तिसऱ्या पिढीपासून शायनीपणाचा लढाईतील ताकदीशी संबंधही उरलेला नाही.

तरीही हाताने शोधणाऱ्यांच्या लेखी शायनीचे मोल त्यामागे घातलेल्या वेळात असते. म्हणूनच असा पोकेमॉन अदलाबदलीत देताना किंवा इतरांना दाखवताना तो स्वयंचलनाने मिळवला असल्यास तसे स्पष्ट सांगणे हाच खरा शिष्टाचार आहे.