क्लॉक संकेतजन्य व्यतिकरण

अंकीय इलेक्ट्रॉनीय उपकरणातील सर्व क्रिया एका तालावर चालविणाऱ्या स्पंदमालिकेस क्लॉक संकेत म्हणतात. हे स्पंद मंडलातील तारांमधून व तांब्याच्या पट्ट्यांमधून जात असता त्या तारा व पट्ट्या लहान आकाशकांप्रमाणे वागतात आणि रेडिओ तरंग बाहेर टाकतात. जवळच्या ग्राहीच्या कार्यात त्यामुळे येणारा अडथळा म्हणजे विद्युत् चुंबकीय व्यतिकरण होय. महाराष्ट्रात या प्रश्नाचे अत्यंत कठोर रूप पुणे जिल्ह्यातील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या संदर्भात दिसते.

सूक्ष्म मापन आणि विजेची सोय यांमधील संघर्ष मात्र येथे त्याहून जुना आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे होत असत. शहरात विजेवरील ट्राम येणार हे निश्चित झाल्यावर तिच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून नवी चुंबकीय वेधशाळा उरणच्या दक्षिणेस, धरमतर खाडीपलीकडील अलिबाग येथे १९०४ मध्ये उभारण्यात आली. संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेऊन जुनी नोंदमाला नवीशी जोडण्यात आली. ट्राम धावली ती १९०७ मध्ये. ही दूरदृष्टी असामान्यच म्हटली पाहिजे. तथापि उपद्रवाचे मूळ निरीक्षकाच्या स्वतःच्या यंत्रसामग्रीत असेल, तर स्थलांतराचा उपाय चालत नाही.

क्लॉक संकेताचा तरंग साधारणतः चौरस असतो. अशा तरंगात मूळ कंप्रतेबरोबरच तिच्या विषम पटींतील कंप्रताही असतात. उदा., २५ मेगाहर्ट्झ क्लॉकची तेरावी पट ३२५ मेगाहर्ट्झ येते. स्पंदाची चढती व उतरती कड जितकी तीव्र, तितक्या वरच्या पटी प्रबळ होतात. म्हणून कड थोडी मंद करणे, पट्ट्या आखूड ठेवणे आणि प्रवाहाच्या परतीचा मार्ग लगत देणे हे मूलभूत उपाय ठरले. संगणकीय उपकरणांमुळे रेडिओ व दूरचित्रवाणीच्या ग्रहणात व्यत्यय येऊ लागल्यावर अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९७९ मध्ये अशा उत्सर्जनावर मर्यादा घातल्या. पुढे १९९४ मध्ये लेक्समार्क या कंपनीतील अभियंत्यांनी निराळी युक्ती मांडली : क्लॉकची कंप्रता हेतुपुरस्सर किंचित, सामान्यतः अर्धा टक्का किंवा त्याच्या आसपास, हलती ठेवावयाची. त्यामुळे एका कंप्रतेवर साचणारी ऊर्जा पसरते व शिखर खाली येते.

ही युक्ती स्वस्त असल्याने सर्वत्र रूढ झाली; परंतु तिने एकूण ऊर्जा कमी होत नाही, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. या कंप्रताकक्षेत परीक्षणाचा ग्राही एका वेळी १२० किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा मोजतो, म्हणून त्यास घट दिसते. रेडिओ ज्योतिर्विदास ती सोयीची नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली खोडद येथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक उभारले. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हे ती जागा निवडण्याचे एक कारण होते. रेडिओ ज्योतिषशास्त्रास ३२२ ते ३२८·६ मेगाहर्ट्झ हा पट्टा नेमून दिलेला आहे. वरील उदाहरणातील पट न पसरविल्यास त्यात एक अरुंद रेषा दिसते व तेवढा भाग वगळता येतो. अर्धा टक्का पसरविल्यास तीच पट सु. १·६ मेगाहर्ट्झ, म्हणजे पट्ट्याचा जवळजवळ चौथा भाग, व्यापते. तासन्‌तास संदेश साठवीत जाणाऱ्या दुर्बिणीला हा मंद गोंगाट खऱ्या खगोलीय प्रारणापासून वेगळा करणे अवघड जाते.

त्यामुळे अशा ठिकाणी ऊर्जा उगमापाशीच कोंडणे भाग पडते. अंकीय मंडले धातूच्या बंद पेटीत किंवा कवचित खोलीत ठेवतात, आत जाणाऱ्या वीजतारांवर छानक बसवितात. दूरच्या आकाशकांकडील संदेश तांब्याच्या तारांऐवजी प्रकाशीय तंतूंनी मध्यवर्ती इमारतीत आणला जातो. पेटीच्या झाकणाची एखादी सैल फटदेखील सारी मेहनत वाया घालवू शकते. मूळ ग्राहीचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झ रुंद होता, तेव्हा उपद्रवी पटी टाळून निरीक्षण करण्यास काही वाव असे. दुर्बिणीच्या सुधारणेनंतर हा पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला आणि २५ मेगाहर्ट्झ क्लॉकच्या आठ विषम पटी एकाच वेळी त्यात येऊ लागल्या.