खाचर, नांगर आणि यंत्र

शेतीचे यांत्रिकीकरण म्हणताच मोठ्या ट्रॅक्टरचे चित्र मनापुढे उभे राहते. परंतु अवजाराची योग्यता त्याच्या शक्तीवरून नव्हे, तर ते ज्या जमिनीत चालावयाचे तिच्यावरून ठरते. रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता मुंबई-गोवा महामार्गास जेथे मिळतो, त्या हातखंब्याच्या परिसरातील भातशेती याची साक्ष देते.

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे आरंभी त्यास गिऱ्हाईक मिळेना. पुढे देशावरील काळ्या जमिनीत हरळी-कुंद्याची मुळे उपटण्यास तो उपकारक ठरला. खोल नांगरट हेच त्याचे बळ. कोकणातील भाताची गरज मात्र निराळी आहे. येथे उतारावर बांध घालून केलेल्या लहान खाचरांत पावसाचे पाणी अडवून चिखलणी करावयाची असते. तळचा घट्ट थर फुटला तर पाणी टिकत नाही. म्हणून हलका लाकडी नांगर आणि लहान चणीचे बैल येथे दीर्घकाळ राहिले. यास केवळ मागासलेपण म्हणणे सयुक्तिक नव्हे.

जमिनीचा विचार न करता यंत्र नेल्यास काय घडते, हे आफ्रिकेत दिसून आले. ब्रिटिश सरकारने १९४७ साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, ट्रॅक्टरांच्या बळावर भुईमुगाची प्रचंड योजना आरंभिली. चिवट झुडपे व उन्हाने कठीण होणारी माती यांपुढे यंत्रे निकामी झाली, आणि १९५१ साली योजना सोडून द्यावी लागली.

दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने याउलट मार्ग धरला. दातेरी पात्याचा ‘वैभव’ विळा आणि देठासह आंबा उतरविणारा ‘नूतन’ झेला ही साधने लहान शेतकऱ्याच्या हातास व ऐपतीस मानवणारी आहेत. खाचरांत वळविता येणारा पॉवर टिलरही याच कारणाने कोकणात रुळला.

तथापि एक प्रश्न उरतोच. ‘जोत’ या शब्दात नांगर आणि बैलजोडी एकत्र येतात. ज्याचे जोत, त्याचा नांगरणीचा दिवसही त्याच्याच हाती असे. भाड्याच्या यंत्रासाठी मात्र पाळीची वाट पाहावी लागते, आणि लावणीचा पाऊस कोणासाठी थांबत नाही. यंत्र खाचरास साजेसे असणे पुरेसे नाही. ते वेळेवर हाती येणे, हीही योग्यतेची कसोटी होय.