रोझरी चॅपेल, व्हाँस

फ्रान्सच्या दक्षिण भागात, नीस शहराजवळच्या व्हाँस या गावातील डॉमिनिकन धर्मभगिनींचे लहानसे कॅथलिक प्रार्थनामंदिर. त्याची वास्तू व आतील जवळजवळ प्रत्येक वस्तू चित्रकार आंरी मातीस (१८६९–१९५४) याच्या कल्पनेतून साकारली आहे.

१९४१ मधील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीसची शुश्रूषा मोनिक बूर्ज्वा या तरुणीने केली होती. पुढे ती सिस्टर झाक-मारी या नावाने धर्मभगिनी झाली आणि मठासाठी चॅपेल हवे असल्याचे तिने मातीसला सांगितले, तेव्हा मदतीपुरता हात न लावता त्याने सगळे काम अंगावर घेतले. ब्रदर रेसिगिए यांनी आराखडे आखले, ऑग्यूस्त पेरे या वास्तुविशारदाने सल्ला दिला, डिसेंबर १९४९ मध्ये पायाभरणी झाली आणि २५ जून १९५१ रोजी नीसच्या बिशपांनी चॅपेलचे पवित्रीकरण केले. प्रकृतीमुळे मातीस मात्र त्या सोहळ्याला येऊ शकला नाही.

काटकोनात जुळलेल्या दोन दालनांपैकी एक भाविकांचे, तर दुसरे धर्मभगिनींचे असून, त्यांच्या सांध्यावर पावासारख्या रंगपोताच्या दगडाची वेदी (मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, अर्पण करण्याचा चौथरा) तिरकी ठेवली आहे, त्यामुळे धर्मगुरूचे तोंड दोन्हीकडे राहते. त्या काळी बहुतेक चर्चमध्ये धर्मगुरू भाविकांकडे पाठ करूनच मिस्सा अर्पण करीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या रचनेचे धाडस कळते. वेदीवरील सडपातळ क्रूस आणि मेणबत्त्यांचे स्टँडही मातीसनेच घडवले.

भिंतींवरील पांढऱ्या चकचकीत फरशांवर केवळ काळ्या रेषेत संत डॉमिनिक, बाळ येशूसह मरिया आणि क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे चौदा प्रसंग, रेखाटले आहेत. हे प्रसंग प्रथेप्रमाणे सुटे न मांडता एकाच भिंतीवर, खालून वर नागमोडी जाणाऱ्या क्रमाने आकड्यांसह येतात; त्यांची रेषा घाईची, जवळजवळ ओरखड्यासारखी आहे, आणि त्या कथेला तीच शोभते. संतांना चेहरेच नाहीत. समोरच्या खिडक्यांत पिवळी, हिरवी व निळी अशा तीनच रंगांची काच असून पिवळी तेवढी धूसर आहे. तिच्यातून बाहेरचे दिसत नाही, हिरव्या-निळ्यातून बाग दिसते. ऊन चढले की हे रंग कोऱ्या फरशांवर उतरतात, म्हणून भिंतींचा पांढरेपणा हा उणेपणा नव्हे, तो या योजनेचा गाभाच आहे.

खिडक्यांत टाळलेला लाल रंग मिस्सावस्त्रांत आढळतो. धर्मगुरूने मिस्सेच्या वेळी अंगावर घ्यायची ही सैल वस्त्रे मातीसने रंगीत कागद कातरून योजली आणि चर्चच्या वार्षिक उपासनाक्रमानुसार पांढरी, हिरवी, जांभळी, लाल, गुलाबी व काळी अशी ती करवून घेतली. त्यांतील लाल वस्त्र हुतात्म्यांच्या सणांना परिधान करायचे असते.