अमेरिकेची सैन्यदले : रचना, आदेशाची साखळी आणि जगभरातील विस्तार

डिसेंबर १९७१ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध निर्णायक टप्प्यावर असताना अमेरिकेने 'एंटरप्राइज' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. तेव्हापासून 'सातवे आरमार' हे शब्द भारतीयांच्या चांगलेच परिचयाचे झाले. मायदेशापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या सागरात एखादे राष्ट्र इतक्या वेगाने आपले बळ कसे उभे करू शकते, याचे उत्तर अमेरिकी सैन्यदलांच्या रचनेत सापडते.

सहा दले

अमेरिकेच्या सशस्त्र सेनेत एकूण सहा दले आहेत. भूदल, नौदल आणि मरीन कोअर यांची स्थापना १७७५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याही आधी झाली. तटरक्षक दलाचे मूळ १७९० मध्ये आहे. हवाई दल १९४७ मध्ये भूदलापासून वेगळे झाले, तर अंतराळ दल डिसेंबर २०१९ मध्ये अस्तित्वात आले. मरीन कोअर नौदल विभागाच्या, तर अंतराळ दल हवाई दल विभागाच्या अखत्यारीत येते. तटरक्षक दल शांततेच्या काळात अंतर्गत सुरक्षा खात्याकडे असते.

सक्तीची लष्करभरती १९७३ मध्ये बंद झाली. तेव्हापासून ही सर्व दले स्वेच्छेने भरती होणाऱ्या तरुण-तरुणींवर अवलंबून आहेत. पूर्णवेळ सेवेतील सैनिकांची संख्या सुमारे १३ लाख आहे. याखेरीज राष्ट्रीय रक्षक दल आणि राखीव दले आहेत.

आदेश कोणाचा?

राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष हे सैन्यदलांचे सरसेनापती असतात. त्यांच्या खालोखाल संरक्षणमंत्र्यांचे स्थान आहे. हे पद नागरी व्यक्तीकडेच असावे, असा दंडक आहे. सेवानिवृत्तीनंतर ठरावीक वर्षे उलटलेली नसल्यास माजी सेनाधिकाऱ्याला हे पद स्वीकारता येत नाही. म्हणूनच २०१७ मध्ये जेम्स मॅटिस आणि २०२१ मध्ये लॉइड ऑस्टिन यांच्यासाठी काँग्रेसला विशेष सवलत मंजूर करावी लागली.

सैन्याच्या दैनंदिन नेतृत्वाची आजची चौकट मात्र एका अपयशातून घडली. एप्रिल १९८० मध्ये इराणमधील अमेरिकी ओलिसांच्या सुटकेची मोहीम वाळवंटातच फसली. माघार घेताना हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमान यांची टक्कर होऊन आठ सैनिक मृत्युमुखी पडले. निरनिराळ्या दलांमध्ये समन्वय नसल्याचे त्यातून उघड झाले. १९८३ च्या ग्रेनाडा मोहिमेतही हीच उणीव जाणवली. परिणामी १९८६ मध्ये गोल्डवॉटर-निकोल्स कायदा संमत झाला.

या कायद्याने दलप्रमुखांकडे सैनिकांची भरती, प्रशिक्षण आणि शस्त्रसज्जता ही कामे ठेवली. प्रत्यक्ष युद्धाचे आदेश मात्र राष्ट्राध्यक्षांकडून संरक्षणमंत्र्यांकडे आणि तेथून थेट संयुक्त कमांडच्या प्रमुखांकडे जातात. संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष हे देशातील सर्वांत ज्येष्ठ सेनाधिकारी असले, तरी त्यांची भूमिका सल्लागाराची आहे. कोणत्याही तुकडीला लढण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही.

जगाची विभागणी

अशा ११ संयुक्त कमांड आहेत. त्यांपैकी चार कार्यानुसार ठरलेल्या आहेत : सायबर, विशेष मोहिमा, सामरिक अण्वस्त्रे आणि वाहतूक. उरलेल्या सात कमांडना क्षेत्रे वाटून दिली आहेत. त्यांत एक अंतराळाची आहे. हिंद-प्रशांत कमांडचे मुख्यालय हवाई बेटांवर, मध्यवर्ती कमांडचे फ्लोरिडात, तर युरोप आणि आफ्रिका या कमांडची मुख्यालये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे आहेत.

या नकाशात भारत हिंद-प्रशांत कमांडच्या क्षेत्रात येतो, तर पाकिस्तान मध्यवर्ती कमांडच्या. दोघा शेजाऱ्यांशी अमेरिकेचे लष्करी व्यवहार दोन वेगळ्या कार्यालयांतून होतात. २०१८ पर्यंत 'प्रशांत कमांड' असलेल्या नावात 'हिंद' हा शब्द जोडला गेला, तो हिंदी महासागराचे वाढते महत्त्व लक्षात घेऊनच.

परदेशी तळ आणि त्यांची किंमत

अमेरिकेचे सर्वांत मोठे परदेशी सैन्य जपानमध्ये आहे. सातव्या आरमाराचे मुख्यालय तेथील योकोसुका बंदरात आहे. जर्मनी आणि दक्षिण कोरिया येथेही हजारो सैनिक तैनात असतात. नौदलाकडे किमान ११ विमानवाहू युद्धनौका असाव्यात, असे कायदाच सांगतो. स्टॉकहोम येथील 'सिप्री' या संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील एकूण लष्करी खर्चापैकी ३७ टक्के खर्च एकट्या अमेरिकेचा होता.

या विस्ताराची झळ तळांच्या परिसरातील लोकांना सोसावी लागते. जपानच्या एकूण भूभागात ओकिनावाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. तरीही केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरासाठी राखलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन तेथे आहे. त्याविरुद्ध स्थानिक जनता दीर्घकाळ आंदोलन करीत आली आहे. हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया येथे तळ उभारण्यासाठी ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात छागोस द्वीपसमूहातील रहिवाशांना हलवले. मायभूमीत परतण्यासाठी त्यांचा लढा पुढील अनेक दशके सुरू राहिला.

युद्धाचा निर्णय

युद्ध घोषित करण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिला आहे. मात्र अशी औपचारिक घोषणा १९४२ नंतर झालेली नाही. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान आणि इराक येथील संघर्ष तिच्याविनाच लढले गेले. १९७३ च्या युद्धाधिकार ठरावानुसार सैन्य संघर्षात उतरविल्यास राष्ट्राध्यक्षांनी ४८ तासांत काँग्रेसला कळवावे लागते आणि संमती न मिळाल्यास ६० दिवसांनंतर कारवाई आवरती घ्यावी लागते. या ठरावाच्या बंधनकारकतेविषयी राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यात वारंवार मतभेद झाले आहेत.

भारताशी संबंध

भारतात अमेरिकेचा लष्करी तळ नाही. तथापि २०१६ च्या करारानुसार दोन्ही देशांची सैन्यदले परस्परांकडून इंधन, दुरुस्ती आणि रसद घेऊ शकतात. मुंबईच्या माझगाव डॉकने २०२३ मध्ये अमेरिकी नौदलाशी जहाजदुरुस्तीचा करार केला. संरक्षण दल प्रमुख हे पद २०२० मध्ये कार्यरत झाल्यानंतर भारतातही तिन्ही दलांच्या एकत्रित कमांडचा विचार पुढे आला. आदेश कोणी द्यायचा आणि दलप्रमुखांचे अधिकार किती असावेत, हेच प्रश्न त्या चर्चेच्या केंद्रस्थानी आहेत.