शाळेची पायरी आणि घराचा उंबरठा

मुलाला शाळेंत आणून बसविणें ही गोष्ट कायद्याच्या आटोक्यांतली आहे. पण बाकावर बसलेल्या त्या मुलाच्या पोटांत सकाळपासून कांहीं पडलें आहे कीं नाहीं, हें कायद्याला दिसत नाहीं. इंग्लंडला हा धडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिकावा लागला. इ. स. १८७० च्या कायद्यानें तेथें ठिकठिकाणीं लोकनियुक्त शाळामंडळें निघालीं, सार्वजनिक करांतून शाळा उघडल्या, आणि १८८० मध्यें हजेरी सक्तीची झाली. तोंवर जीं मुलें गिरणींत, गल्लींत अगर धाकट्या भावंडांच्या पाळण्यापाशीं दिवस काढीत, तीं एकदम शिक्षकांच्या डोळ्यांसमोर आलीं. कोणी अनवाणी, कोणाच्या डोक्यांत उवा, कोणाचे कान वाहत असलेले, तर कोणी केवळ फळ्यावरचें अक्षर दिसत नाहीं म्हणून मठ्ठ ठरलेला! त्यांतच शाळेचें अनुदान मुलांच्या परीक्षेवर अवलंबून ठेवण्याची पद्धत १८६२ पासून चालू होती. उपाशी मूल नापास झालें कीं शाळेच्या अनुदानालाच कात्री लागे.

दयाळू माणसांचा तुटवडा मात्र नव्हता. लंडनमध्यें कोणी जेवणाचीं तिकिटें वांटी, कोणी बूट देई, कोणी कोळसा, कोणी इस्पितळाची चिठ्ठी. पण एका हाताला दुसऱ्या हाताची वार्ता नसे. जी आई चार दारें हिंडून आपलें गाऱ्हाणें नीट मांडी, तिच्या पदरांत चारी ठिकाणचें पडे. जी लाजेनें घरांत बसे, तिच्या मुलाला एकहि तिकीट मिळत नसे. १८६९ मध्यें स्थापन झालेल्या ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’चा आग्रह असा कीं, चौकशीवांचून मदत देऊं नये, मुलांना फुकट जेवूं घातलें तर आईबाप आपलें कर्तव्य विसरतील. उलट समाजवादी मंडळी म्हणत कीं, आईबापांचा न्याय सावकाश करा, आधीं मुलाच्या तोंडांत घास पडूं द्या. वाद वर्षानुवर्षें चालला. चौकशी करणारे घर पाहत, पण मूल उपाशी राही. अन्न वांटणारे मूल पाहत, पण घर जसेंच्या तसें राही. दोहोंना जोडणारा दुवा कोणाजवळच नव्हता.

या दुव्याचा शोध प्रथम लोंकरीच्या गिरण्यांच्या ब्रॅडफर्ड शहरांत लागूं लागला. मिस मार्गारेट मॅकमिलन या १८९४ सालीं तेथील शाळामंडळावर निवडून आल्या. अस्वच्छ, आजारी मुलाच्या डोक्यांत कोणतेंहि ज्ञान शिरावयाचें नाहीं, हें त्यांचें ठाम मत. त्यांच्या खटपटीनें १८९७ मध्यें वॉपिंग रोडच्या शाळेंत स्नानगृह झालें. त्याच शहरांत शाळामंडळाचे वैद्य डॉक्टर जेम्स केर यांनीं मुलांची शारीरिक तपासणी सुरू केली. शाळेंत आंघोळ घालणें हें शिक्षकांचें काम काय, असा प्रश्न त्या काळीं पुष्कळांनीं विचारला. आणि प्रश्न अगदींच गैर नव्हता. शाळेनें घराचीं सर्व कामें अंगावर घेतलीं, तर घरानें करावयाचें काय?

उत्तर दिलें तें युद्धानें. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांत सैन्यांत भरती होण्यास आलेले पुष्कळ तरुण शरीरानें अपात्र ठरले, आणि सत्ताधारी वर्ग दचकला. १९०४ मध्यें शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीनें शाळेंत वैद्यकीय तपासणी व जेवण यांची शिफारस केली. १९०६ च्या कायद्यानें स्थानिक संस्थांना मुलांना जेवण देण्याची मुभा मिळाली. पण ती मुभाच होती, सक्ती नव्हती, आणि त्यासाठीं पौंडामागें अर्ध्या पेनीहून अधिक कर बसवितां येत नसे. १९०७ च्या कायद्यानें वैद्यकीय तपासणी मात्र बंधनकारक केली. त्याच वर्षीं ब्रॅडफर्ड येथें डॉक्टर राल्फ क्राउली यांनीं सुमारे ४० गरीब मुलांना कांहीं महिने शाळेच्या दिवशीं सकाळचा नाश्ता व दुपारचें जेवण देऊन त्यांचीं वजनें नोंदविलीं. जेवण मिळे तोंवर वजन वाढे. मध्यें सुट्टी आली आणि जेवण थांबलें, कीं तें घटे. आंकड्यांच्या त्या ओळीनें अनेक व्याख्यानांहून अधिक काम केलें. सुट्टींतहि जेवण देण्याची परवानगी आणि अर्ध्या पेनीच्या मर्यादेंतून सुटका या दोन्ही गोष्टी १९१४ च्या कायद्यानें मिळाल्या.

पण तपासणी सुरू होतांच एक नवीच अडचण पुढें आली. डॉक्टर लिहून देत, “दांत किडले आहेत, डोळ्यांना चष्मा पाहिजे”. ती चिठ्ठी मूल घरीं नेई आणि तेथेंच ती पडून राही. आई दिवसभर कामावर, इस्पितळ दूर, तेथें जावें तर दिवसाची मजुरी बुडे. रोग कळला, पण औषध मिळालें नाहीं. म्हणून १९०८ मध्यें ब्रॅडफर्डला शाळेचा दवाखाना निघाला. आणि मिस मॅकमिलन यांनीं आपली बहीण रेचेल यांच्या साह्यानें लंडनच्या डेटफर्ड भागांत १९१० मध्यें मुलांचा दवाखाना उघडला. त्याला जोडूनच मुलींना मोकळ्या हवेंत निजण्यासाठीं अंगणांत तळ पडला, आणि १९१४ मध्यें शिशुशाळा निघाली. उपचार घेऊन घरीं गेलेलें मूल त्याच कोंदट खोलींत पुन्हां आजारी पडतें, हें त्यांना अनुभवानें कळलें होतें.

दवाखाना, भोजन व घर यांना एका सूत्रांत गोंवण्याचें काम लंडनमध्यें ‘केअर कमिटी’ या संस्थेनें केलें. सेव्हन डायल्स या दरिद्री वस्तींतील टॉवर स्ट्रीट शाळेच्या एक व्यवस्थापिका मिस मार्गारेट फ्रियर यांना दिसून आलें होतें कीं, वांटलेल्या मदतीनें कोणत्याच कुटुंबाची स्थिति सुधारत नाहीं. तेव्हां त्या स्वतः घरोघर जाऊं लागल्या. मुलाला बूट कां नाहींत? बापाचें काम सुटलें आहे कीं आई आजारी आहे? ज्या घराची जी नड, तिच्याच मार्गानें मदत, हें त्यांचें सूत्र. १९०६ व १९०७ च्या कायद्यांनंतर लंडन कौंटी कौन्सिलनें हीच पद्धत उचलली आणि प्राथमिक शाळांना अशा समित्या जोडून दिल्या. समितीचे स्वयंसेवक शिक्षकांकडून मुलाची हकीकत घेत, तपासणीच्या वेळीं आईला बोलावीत, दवाखान्याची वेळ ठरवीत, आणि उपचार पुरा झाला कीं नाहीं हें पाहण्यास पुन्हां दार ठोठावीत. हजेरीचा अंमलदार दारांत आला कीं घर धास्तावे; समितीच्या बाईनें मदत घेऊन यावें, अशी अपेक्षा होती.

शाळा सुटल्यावर काय, हाहि प्रश्न त्याच ओघानें आला. शाळेंतून निघालेला मुलगा गाडीवरचा पोऱ्या अगर निरोप्या होई. चार पैसे लवकर मिळत, पण वाढत्या वयांत त्याला काढून टाकीत, आणि हातांत धंदा नसलेला तो तरुण रस्त्यावर येई. १९०८ मध्यें मुलांसाठीं वेगळीं न्यायालयें झालीं, आणि १९१० च्या कायद्यानें १७ वर्षांखालील मुलामुलींना कामधंद्याची निवड करण्यास साह्य करण्याचा अधिकार शिक्षणसंस्थांना मिळाला. मुलाचा स्वभाव व त्याचें घर ठाऊक असलेली शाळाच येथेंहि उपयोगी पडली.

या इतिहासाची दुसरी बाजू झांकून चालणार नाहीं. स्वयंसेवक बहुधा सुखवस्तु घरच्या स्त्रिया. कित्येकींना एका खोलींतल्या संसाराची कल्पना नसे. मदतीसाठीं चुलीपर्यंत चौकशी व्हावी, हें मानी आईबापांना झोंबे. गरिबांच्या जेवणाची रांग निराळी असली, कीं मुलें एकमेकांना चिडवीत. पुढें १९४४ च्या कायद्यानें शाळेंत जेवण व दूध पुरविणें हें स्थानिक संस्थांचें कर्तव्य ठरविलें, आणि दानाची जागा हक्कानें घेतली, ती या अनुभवांतूनच.

तरीहि कायद्यानें एक काम पुरें होत नाहीं. पेज, चष्मा, औषध या वस्तु पैशानें मिळतात; पण त्या कोणत्या मुलाला, कोणत्या वेळीं हव्यात, हें जाणून त्या पोंचविणारें माणूस लागतें. शाळेच्या पायरीवरून निघून घराच्या उंबरठ्यावर आदबीनें थांबणारें, आईचें म्हणणें ऐकून घेणारें आणि पुढच्या आठवड्यांत न विसरतां परत येणारें माणूस जेथें मिळालें, तेथें विस्कळित मदतीला अर्थ आला. जेथें तें मिळालें नाहीं, तेथें डॉक्टरची चिठ्ठी घरांतच पडून राहिली, आणि मूल फळ्यावरचें न दिसणारें अक्षर पाहण्याचा प्रयत्न करीत पुन्हां त्याच बाकावर येऊन बसलें.