मोहल्ला आणि मन

वर्गातला एखादा मुलगा एकाएकी गप्प झाला, स्वतःशीच बोलू लागला, की आपण त्याच्या घराकडे बोट दाखवतो. मोहल्ल्याकडे पाहत नाही.

फॅरिस आणि डनहॅम या समाजशास्त्रज्ञांनी शिकागोतील मनोरुग्णांचे पत्ते नकाशावर मांडले. १९३९ च्या त्यांच्या पुस्तकात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण शहराच्या मध्यभागी, भाडेकरू सतत बदलणाऱ्या वस्त्यांत सर्वाधिक दिसले. आजारी माणसेच घसरत तिथे पोहोचतात, असा आक्षेप आला. पण २००१ मध्ये दक्षिण लंडनमधील एका अभ्यासाने वेगळी गोष्ट दाखवली: ज्या भागात अल्पसंख्याक थोडे, तिथे त्यांच्यात हा आजार जास्त.

म्हणजे गरिबीबरोबर एकटेपणाचाही प्रश्न आहे. त्या मुलाला ‘पागल’ म्हणून टाळू नका. सलाम करा, जवळ बसा आणि वेळेवर डॉक्टरकडे न्या.